अक्षरांचे प्रतिबिंब: देवनागरी शीर्षक पाण्यात उतरवताना

चतुर्थी, शिगमोत्सव, जत्रा, देवळाच्या प्रांगणातील नाट्यप्रयोग अशा निमित्तांनी गोव्यात वर्षभर फलक आणि निमंत्रणपत्रिका निघत असतात. पूर्वी हे काम रंगारी किंवा छापखाना करी. आता बहुतेक लहान मंडळांत संगणकाची थोडीफार माहिती असलेला एखादा कार्यकर्ताच रात्री बसून ते उरकतो आणि सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वांना पाठवून देतो. अशा फलकांवर वारंवार दिसणारी एक सजावट म्हणजे शीर्षकाचे प्रतिबिंब. मंडळाचे किंवा उत्सवाचे नाव ठळक अक्षरांत असते आणि त्याखाली जणू तळीच्या पाण्यात पडावी तशी त्याची फिकी, उलटी छाया असते.

ही सजावट शिकवणारे धडे आणि चित्रफिती उदंड आहेत. मात्र त्यांतील बहुतेक रोमन अक्षरांसाठी रचलेल्या आहेत. त्यांतील कृती जशीच्या तशी देवनागरीला लावली की काही शब्दांना ती छान जुळते आणि काही शब्द हवेत तरंगल्यासारखे दिसतात. ‘मडगाव’ हा शब्द पाण्याच्या काठावर नीट उभा राहतो. ‘मुरगाव’ मात्र प्रतिबिंबापासून तुटून वर लटकतो. यात करणाऱ्याच्या हाताचा दोष नसतो. देवनागरी अक्षर कोठे टेकते, हा प्रश्न त्या कृतीने विचारलेलाच नसतो. तो प्रश्न विचारून प्रतिबिंब कसे साधावे, हे येथे क्रमाने पाहता येईल.

आधी पाणी पाहावे

शांत तळीच्या काठावर उभ्या असलेल्या दीपस्तंभाचे प्रतिबिंब नीट न्याहाळले, तर संगणकावर काय करायचे याची बहुतेक सूत्रे तेथेच सापडतात.

पहिले सूत्र असे की, प्रतिबिंबात वरचे खाली होते, पण डावे डावीकडेच आणि उजवे उजवीकडेच राहते. म्हणून अक्षरे उभ्या दिशेने उलटवायची असतात, फिरवायची नसतात. नवशिक्याकडून येथेच पहिली चूक होते. शब्द अर्ध्या वर्तुळात, म्हणजे १८० अंशांत फिरवला, तर त्याचे शेवटचे अक्षर सर्वांत डावीकडे येते आणि मूळ शब्दाच्या पहिल्या अक्षराखाली भलतेच अक्षर जाऊन बसते. चित्र चुकल्यासारखे वाटते, पण काय चुकले ते पाहणाऱ्याला पटकन सांगता येत नाही.

दुसरे सूत्र असे की, वस्तू पाण्यापासून जितकी उंच, तितकेच तिचे प्रतिबिंब पाण्याच्या रेषेखाली खोल दिसते. जी वस्तू पाण्याला टेकलेली असते, तिचे प्रतिबिंब तिला चिकटून सुरू होते. काठावरून दोन हात वर बांधलेल्या तोरणाचे प्रतिबिंब मात्र रेषेच्या तितकेच खाली दिसते आणि दोहोंमध्ये दुप्पट मोकळी जागा राहते. पुढे उकाराचा विचार करताना हे सूत्र कामी येणार आहे.

तिसरे सूत्र उजेडाचे. स्वच्छ पाण्याकडे अगदी वरून सरळ पाहिले, तर पृष्ठभागावरून जेमतेम २ टक्के प्रकाश परत येतो आणि त्यामुळे तळ दिसतो. नजर जसजशी पाण्याला समांतर होत जाते, तसतसे परावर्तन वाढते आणि दूरचे पाणी आरशासारखे चमकू लागते. तरीही नेहमीच्या दृश्यात प्रतिबिंब मूळ वस्तूहून मंदच असते. संगणकावर प्रतिबिंबाची छटा मूळ अक्षरांपेक्षा बरीच हलकी ठेवावी लागते, ती याच कारणाने.

चौथे सूत्र स्पष्टतेचे. गुळगुळीत फरशीवर ठेवलेल्या समईचे प्रतिबिंब बुडाशी रेखीव असते आणि वातीच्या बाजूला धूसर होत जाते. फरशी कितीही घोटलेली असली तरी तिच्यात सूक्ष्म खडबडीतपणा असतो आणि वस्तूचा जो भाग पृष्ठभागापासून दूर, त्याचे प्रतिबिंब अधिक विस्कटते. चित्रकार यापुढे एक पाऊल जातात आणि प्रतिबिंब खाली खाली पूर्ण विरून जाऊ देतात. निसर्गात ते असे नाहीसे होत नाही. हा रचनेतील संकेत आहे. तो उपयोगीही आहे, कारण त्यामुळे फलकावरील खालचा मजकूर मोकळा राहतो.

साधन कोणते घ्यावे

या कामाला लेअरची सोय असलेले कोणतेही चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर चालते. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. एकावरचे चित्र हलवले तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी घडवलेले फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात लेअर आले. त्याला पैसे मोजावे लागतात. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी सुरू केलेले जिंप १९९६ पासून लोकांना उपलब्ध आहे आणि ते पूर्णपणे विनामूल्य आहे. त्याची ३.० ही आवृत्ती २०२५ मध्ये आली. मंडळाच्या फलकासाठी जिंप पुरेसे असल्याने पुढील कृती त्यावर बेतलेली आहे. फोटोशॉपमधील फरक त्या त्या जागी सांगितला आहे.

प्रतिबिंबाकडे वळण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द टंकित करून पाहावा. त्यातील ऱ्हस्व इकार ‘क’च्या आधी दिसतो का आणि ‘ऱ्य’ हे जोडाक्षर मराठी वळणाने जुळते का, हे पाहिले की सॉफ्टवेअर आणि फॉन्ट दोहोंची पारख होते. जिंपमध्ये सहसा अडचण येत नाही. फोटोशॉपमध्ये मात्र इकार चुकीच्या जागी पडणे, जोडाक्षरे पाय मोडून सुटी होणे असे प्रकार घडतात. त्यावर उपाय म्हणजे प्रेफरन्सेसमधील टाइप या विभागात जाऊन भारतीय लिप्यांना चालणारी मजकूर-रचना निवडणे. अलीकडच्या आवृत्त्यांत तिला ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ असे नाव आहे. ती निवडल्यावर नवी फाइल उघडून शब्द पुन्हा टंकित करावा.

फॉन्ट जाड अंगाचा घ्यावा. प्रतिबिंब फिके आणि धूसर होणार असल्याने बारीक रेषांची अक्षरे त्यात हरवून जातात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट विनामूल्य मिळतात आणि त्यांची जाड वळणे या कामाला शोभतात. शीर्षक पारंपरिक धाटणीचे हवे असल्यास तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घेता येतो. त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत.

मूळ कृती

उदाहरणासाठी ‘मडगाव’ हा शब्द घेऊ. १६०० पिक्सेल रुंद आणि ९०० पिक्सेल उंच असे नवे चित्र उघडावे आणि पार्श्वभूमी गडद निळी किंवा काळपट करावी. प्रतिबिंब गडद पार्श्वभूमीवर उठून दिसते, पांढऱ्यावर ते मळकट डागासारखे वाटते.

मजकुराचे साधन ‘टी’ या कळीने मिळते. शब्द पांढऱ्या रंगात टंकित करून त्याचा आकार असा ठेवावा की शिरोरेषेपासून कान्याच्या टोकापर्यंतची उंची सुमारे २०० पिक्सेल भरेल. चित्राच्या वरच्या कडेपासून मोजता शिरोरेषा २८० वर आणि कान्यांची टोके ४८० वर येतील असा शब्द ठेवला, तर खाली प्रतिबिंबाला पुरेशी जागा उरते. वरच्या मोजपट्टीतून माउसने ओढून ४८० वर एक मार्गरेषा आणून ठेवावी. हीच पाण्याची रेषा.

शुद्धलेखन येथेच तपासून घ्यावे. जिंपमध्ये मजकूर उलटवला की तो मजकूर राहत नाही, चित्र होतो. पुढे एक वेलांटी बदलायची झाली तरी प्रतिबिंब नव्याने करावे लागते.

आता लेअर मेन्यूतून या लेअरची नक्कल करावी आणि नकलेला ‘प्रतिबिंब’ असे नाव द्यावे. मजकुराच्या लेअरभोवती ओळींमधील अंतराची अदृश्य मोकळी जागा असते. ती तशीच ठेवून उलटवले, तर प्रतिबिंब आणि मूळ शब्द यांच्यात नाहक फट पडते. म्हणून ‘क्रॉप टू कन्टेन्ट’ ही आज्ञा देऊन लेअर अक्षरांपुरता कापावा. मग लेअर मेन्यूतील ट्रान्सफॉर्म या गटातून ‘फ्लिप व्हर्टिकली’ निवडावे. ‘एम’ कळीने हलवण्याचे साधन घेऊन प्रतिबिंब खाली आणावे आणि बाणाच्या कळांनी एकेक पिक्सेल सरकवत त्याची वरची कड मार्गरेषेला टेकवावी. प्रतिबिंबाचा लेअर मूळ शब्दाच्या लेअरखाली असावा. जागा पक्की झाली की ‘लेअर टू इमेज साइज’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे पुढे अक्षरे धूसर करताना त्यांच्या कडा छाटल्या जाणार नाहीत.

यानंतरचे काम मास्कचे. मास्क म्हणजे लेअरवर घातलेला पडदा. पडदा पांढरा असेल तेथे लेअर दिसतो, काळा असेल तेथे लपतो आणि मधल्या करड्या छटांत तो कमीअधिक पारदर्शक होतो. प्रतिबिंबाच्या लेअरला पांढरा मास्क जोडावा. ‘डी’ आणि मग ‘एक्स’ या कळा दाबल्या की समोरचा रंग पांढरा आणि मागचा काळा होतो. ‘जी’ कळीने ग्रेडियंटचे साधन घ्यावे, समोरच्या रंगाकडून मागच्या रंगाकडे जाणारी छटा निवडावी आणि मास्क निवडलेला आहे याची खात्री करून पाण्याच्या रेषेपासून सरळ खाली ओढावे. ओढताना कंट्रोल कळ दाबून ठेवली की रेघ वाकडी होत नाही. शेवटी प्रतिबिंबाची ऑपॅसिटी ४० टक्क्यांवर आणावी.

धूसरपणा अगदी थोडा द्यावा. मास्कऐवजी लेअरचे चित्र निवडून गॉशियन ब्लर दीड ते दोन पिक्सेल इतकाच ठेवावा. फरशीवरील समईसारखी वाढती धूसरता हवी असल्यास प्रतिबिंबाच्या दोन प्रती कराव्यात. एक रेखीव ठेवून तिचा मास्क लवकर काळा होऊ द्यावा. दुसरीला सहा-सात पिक्सेल ब्लर देऊन ती खालच्या भागातच उमटेल असा मास्क करावा.

फोटोशॉपमध्ये हीच वाट आहे. कंट्रोल आणि ‘जे’ या कळांनी नक्कल होते, एडिट मेन्यूतील ट्रान्सफॉर्ममधून ती उलटते आणि लेअरच्या चौकटीखालच्या बटणाने मास्क जोडला जातो. तेथे उलटवलेला मजकूर मजकूरच राहतो, त्यामुळे नंतर चूक सापडल्यास दोन्ही प्रतींतील शब्द दुरुस्त करता येतात.

दुसरी शिरोरेषा

ग्रेडियंट कोठे संपवावा, याबाबत इंग्रजी धडे ‘मध्यापर्यंत’ किंवा ‘आवडेल तेथपर्यंत’ असे सांगतात. रोमन अक्षरांना ते चालते. देवनागरीत मात्र शब्दावर सलग आडवी रेघ असते आणि बहुतेक फॉन्टमध्ये डोळ्याला आधी भरते ती हीच. शब्द उलटला की ती रेघ सर्वांत खाली जाते. प्रतिबिंब तेथपर्यंत दिसत राहिले, तर फलकाच्या मधोमध एक फिकी आडवी पट्टी उमटते. पाहणाऱ्याला ती अधोरेखनासारखी किंवा छपाईतील दोषासारखी भासते आणि नजर नावावरून खाली घसरते.

म्हणून देवनागरी प्रतिबिंबाचा नियम सोपा ठेवावा: छाया शिरोरेषेपूर्वी विरली पाहिजे. वरच्या उदाहरणात प्रतिबिंबातील शिरोरेषेची कड ६८० वर येते. तिची जाडी २५ पिक्सेल धरली, तर ती ६५५ पासून सुरू होते. ग्रेडियंट ४८० वर सुरू करून ६३० वर संपवावा, म्हणजे अक्षराच्या उंचीचा तीनचतुर्थांश भाग दिसेल आणि रेघ दिसणार नाही. वरच्या बाजूचे रफार, मात्रा, अनुस्वार आणि वेलांट्या प्रतिबिंबात रेघेच्याही खाली असल्याने त्या आपोआप नाहीशा होतात. शब्द जणू पाण्यात विरघळतो आहे, असा परिणाम त्यातून मिळतो.

उकाराचा पेच

आता ‘मुरगाव’ घ्यावे. रोमन लिपीतील अक्षरे एका पायरेषेवर उभी असतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. ‘म’, ‘ग’, ‘व’ आणि काना यांची उभी टोके साधारण एका पातळीवर येत असल्याने पायरेषेचा भास होतो, पण ‘ड’, ‘ट’, ‘ह’ यांचे तळ आपापल्या वळणाने संपतात आणि उकार, ऊकार, ऋकार तर त्या पातळीच्या खाली उतरतात. ‘शुभेच्छा’, ‘सुस्वागतम्’, ‘गुढीपाडवा’, ‘तुळशीविवाह’ हे फलकांवरचे नित्याचे शब्द. ‘मुरगाव’, ‘कुंकळ्ळी’ ही येथलीच गावे. यांतील प्रत्येक शब्दाला खाली उतरलेला उकार आहे.

उकार पायाच्या ६० पिक्सेल खाली जातो असे धरू. लेअर अक्षरांपुरता कापला की त्याची खालची कड ५४० वर, म्हणजे उकाराच्या टोकाशी येते. प्रतिबिंब तेथे टेकवले, तर उकार आपल्या छायेला भेटतो, पण बाकीच्या अक्षरांचे पाय ४८० वर आणि त्यांची छाया ६०० वर, अशी १२० पिक्सेलची फट राहते. शिवाय ग्रेडियंट ५४० वर सुरू होऊन १५० पिक्सेलमध्ये संपत असेल, तर अक्षरांचे पाय उमटू लागेपर्यंत प्रतिबिंबाचे ४० टक्के बळ सरलेले असते. ठरवलेली ४० टक्के ऑपॅसिटी प्रत्यक्षात तेथे २४ टक्केच उरते. शब्द तरंगल्यासारखा का दिसतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. त्यावर तीन उपाय संभवतात.

पहिला उपाय फट तशीच ठेवण्याचा. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ती बरोबरच आहे. शब्द उकाराच्या एका पायावर उभा आहे आणि बाकीची अक्षरे पाण्यावर अधांतरी आहेत, असा त्याचा अर्थ होतो. तोरणाचे सूत्र येथे लागू पडते. फक्त ग्रेडियंटचा आरंभ ५४० ऐवजी ६०० वर आणि शेवट ७५० वर न्यावा, म्हणजे अक्षरांची छाया पुरेशी गडद राहते. प्रतिबिंबातील शिरोरेषा या मांडणीत ७७५ वर सुरू होत असल्याने ती लपलेलीच राहते. शब्दात दोन-तीन उकार विखुरलेले असतील, तर हा उपाय सर्वांत नैसर्गिक दिसतो.

दुसरा उपाय पाण्याची रेषा अक्षरांच्या पायाशी मानण्याचा. मास्क जोडण्यापूर्वी प्रतिबिंब १२० पिक्सेल वर सरकवावे. आता अक्षरांचे पाय त्यांच्या छायेला ४८० वर भेटतात. मात्र उकाराचे प्रतिबिंब रेषेच्या वर, ४२० ते ४८० या पट्ट्यात येऊन मूळ अक्षरांच्या मोकळ्या जागांतून डोकावू लागते. मास्क जोडल्यावर आयताकृती निवड करून रेषेच्या वरचा सारा भाग मास्कवर काळा भरावा, म्हणजे ते नाहीसे होते. मूळ उकार रेषेखाली तसाच राहतो आणि काचेच्या फळीवर ठेवलेल्या शब्दाचा उकार कडेवरून पुढे लोंबतो आहे असे वाटते. त्याच्यामागे ‘म’ची छाया येत असल्यास मऊ ब्रशने मास्कवर उकाराभोवती थोडा काळा रंग फिरवावा. काटेकोर पाहिले तर हे प्रतिबिंब खोटे आहे, पण एकच उकार असलेल्या शब्दाला ते चांगले शोभते.

तिसरा उपाय मांडणीचा. फलकावर दोन ओळींचे शीर्षक असेल, तर उकाराचा शब्द वरच्या ओळीत घ्यावा आणि प्रतिबिंब फक्त खालच्या ओळीला द्यावे. ‘गुढीपाडव्यानिमित्त’ वर आणि ‘निमंत्रण’ खाली अशी रचना केली, तर प्रश्नच उरत नाही.

एक उपाय मात्र टाळावा. काही जण शब्द तोडून प्रत्येक अक्षराची छाया वेगळी सरकवतात आणि उकाराची अक्षरे तेवढी वर ओढतात. त्यामुळे प्रत्येक छायेची उंची निराळी होते, सलग वळणे तुटतात आणि मजकूर बदलण्याची वेळ आली की सगळी मेहनत वाया जाते. ‘ड’ किंवा ‘ट’ यांच्या तळाशी थोडी अधिक फट दिसली तर ती तशीच राहू द्यावी. ते त्या अक्षरांचे मूळ वळण आहे.

लाटा आणि तिरका मजकूर

पाण्याचा आभास वाढवण्यासाठी जिंपच्या फिल्टर मेन्यूत डिस्टॉर्ट या गटात रिपल हे साधन आहे. लाटेची उंची दोन-तीन पिक्सेलच ठेवावी आणि अक्षरे डावीउजवीकडे हलतील अशी दिशा घ्यावी. मांडवीच्या पाण्यात पणजीच्या दिव्यांची छाया लांबट होऊन थरथरते, तशी ती थरथर असावी. लाट मोठी झाली की जोडाक्षरे ओळखू येत नाहीत.

शीर्षक तिरके चढत जाणारे असेल, तर नुसते उलटवून भागत नाही. उलटवल्यावर चढ उताराचा होतो आणि शब्द व छाया एका टोकाला जुळून दुसऱ्या टोकाला फाकतात. अशा वेळी उलटवलेल्या लेअरला शिअर या साधनाने उभ्या दिशेत कलते करावे, छायेची कड अक्षरांच्या पायांशी समांतर होईपर्यंत. ज्या शीर्षकाची अक्षरे जाडी दाखवणारी, त्रिमितीय असतील, त्यांना हा उपायही पुरत नाही. तेथे प्रतिबिंब न दिलेले बरे.

कोठे थांबावे

या सजावटीला स्वतःचा एक काळ आहे. अ‍ॅपलने २००६ मध्ये आयट्यून्समध्ये गीतसंग्रहांची मुखपृष्ठे चकचकीत काळ्या पृष्ठभागावर प्रतिबिंबासह मांडली. २००७ च्या मॅक प्रणालीत पडद्याच्या तळाशी असलेली चिन्हांची रांगही काचेवर उभी राहिली. त्या काळात संकेतस्थळे, बोधचिन्हे, सादरीकरणे सर्वत्र ओल्या फरशीचा हा परिणाम पसरला. २०१३ आणि २०१४ मध्ये त्याच कंपनीने आपल्या फोन व संगणकांचे रूप सपाट केले आणि ही चमक मागे पडली. म्हणून आज प्रतिबिंब वापरायचे तर त्याला काही कारण असावे. नौकाविहार, सांगोड, दीपोत्सव, नदीकाठची संगीतसभा अशा विषयांत पाणी किंवा दिवा मुळातच असतो. तेथे छाया विषयातून उगवते. रक्तदान शिबिराच्या सूचनेला किंवा वार्षिक सभेच्या नोटिशीला तिची गरज नाही.

तारीख, वेळ, स्थळ आणि संपर्क क्रमांक यांना प्रतिबिंब कधीही देऊ नये. उलटे आकडे मूळ आकड्यांशी गल्लत करतात आणि वडीलधाऱ्या वाचकांना ते विशेष जाचतात. देवतेचे नाव किंवा श्रद्धांजलीच्या फलकावरील दिवंगताचे नाव उलटे दिसणे अनेकांना रुचत नाही. तेथे प्रतिबिंबाऐवजी हलकी सावली पुरेशी होते. सावली उजेडाच्या दिशेवर अवलंबून असते आणि तिच्यात अक्षर उलटवावे लागत नाही.

फाइल जतन करतानाही काळजी घ्यावी. लेअरसह मूळ फाइल जिंपच्या एक्ससीएफ स्वरूपात ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी फक्त साल बदलता येते. पाठवण्यासाठी पीएनजी प्रत काढावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून चित्र म्हणून पाठवताना ते आवळले जाते आणि विरत जाणाऱ्या छायेत पट्टे पडतात. तीच फाइल दस्तऐवज म्हणून पाठवली तर छटा शाबूत राहतात. ग्रेडियंटच्या पर्यायांतील डिदरिंग चालू ठेवल्यानेही पट्टे कमी होतात.

फलक पाठवण्यापूर्वी तो तळहाताएवढा लहान करून हातभर अंतरावरून पाहावा. बहुतेक लोक तो फोनवर, चालता चालता, दोन-तीन सेकंदच पाहणार असतात. तेवढ्या वेळात नाव एका दृष्टिक्षेपात वाचता आले आणि छाया नंतर लक्षात आली, तर प्रतिबिंब जमले. छाया आधी दिसली आणि नाव शोधावे लागले, तर ऑपॅसिटी आणखी दहा टक्क्यांनी उतरवून पुन्हा पाहावे.